बांध साफ केले त्या साली

श्रावणात मी अजूनही भोपळ्याच्या फुलाशी कान नेते. आमच्या शाळेच्या मागे, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून, माळीबुवांनी एक वेल चढवला आहे. सकाळी प्रार्थनेची घंटा व्हायच्या आधी मी तिकडे एक फेरी मारते. फूल उमललेलं असतं, आत काहीतरी गरगरत असतं, पाकळ्या थरथरतात आणि बारीक घुमल्यासारखा आवाज येतो. तो ऐकला की मी वर्गाकडे वळते. मुली मला हसतात, हे मला ठाऊक आहे. टीचर फुलाचं काय ऐकतात, असं एकीनं दुसरीला विचारलेलंही मी ऐकलं आहे. मी कधी सांगितलं नाही. सांगायला गेलं तर एक सबंध पावसाळा सांगावा लागेल, आणि तो पावसाळा माझा नव्हता. अक्काचा होता.

त्या साली बेळगावात प्लेग आला आणि शाळा बंद झाली. आम्हा वसतिगृहातल्या मुलींना घरोघर पाठवलं. माझे वडील लोंढ्याच्या स्टेशनावर तारमास्तर होते. त्यांनी मला लोंढ्याला ठेवून न घेता अक्काकडे धाडलं. "तिला सोबत होईल," एवढंच म्हणाले. अक्का माझी थोरली बहीण. वडिलांना रेल्वेत नोकरी लागायच्या आधीच तिचं लग्न झालं होतं, म्हणून तिच्या वाट्याला ना शाळा आली ना लोंढा. ती जोयड्याच्या पलीकडे, रानात वसलेल्या मोजक्या घरांच्या एका वाडीत दिली होती. आदल्या हिवाळ्यात तिचा नवरा तापानं गेला. त्या रानात ताप दर साली येतो आणि कुणाला ना कुणाला नेतो. तिथले लोक त्याचं फार बोलत नाहीत.

सुप्यापर्यंत बैलगाडी आणि पुढे पायवाट. मी पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे दीर, रामा भावजी, वाडीतल्या थोरल्या गावकरांना घेऊन खोपटाच्या दारात आले. मी आत चुलीजवळ बसून राहिले. परक्या माणसांसमोर जायची मला आजही धास्ती वाटते. पण कुडाच्या फटीतून सगळं दिसत होतं. भावजी बसले नाहीत. उभ्यानंच बोलले.

"वैनी, हे परसू आन हे खोपटं तुझं. गेल्या सालच्या भातातला तुझा वाटा देतो. नवं हुईस्तवर त्यात भागव. भागलं तर हितं सुखानं ऱ्हा, कोण हात लावणार न्हाई. पर दारात मागाय आलीस तर मग बापाकडं जायचं. पोर आमच्या घरची हाय. ती हितंच ऱ्हाईल."

"मागाय न्हाई येणार," अक्का म्हणाली.

"बोलून बसू नको गे," गावकर म्हणाले. "पावसाळा मोठा असतोय."

पोर म्हणजे सोनी, अक्काची मुलगी. तेव्हा ती माझ्या कमरेएवढीही नव्हती. बोलणं चाललं होतं तेव्हा ती गावकरांच्या काठीला धरून गोल गोल फिरत होती.

भावजी वाईट होते असं मला तेव्हा वाटलं होतं. आता तसं म्हणवत नाही. त्यांच्या घरात खाणारी तोंडं बरीच होती आणि कणग्या सगळ्यांच्याच उथळ होत्या. वाटा त्यांनी चोख दिला. तो नव्या भातापर्यंत पुरणार नव्हता हे खरं, पण त्या वाडीत कुणाचाच भात पुरत नसे. पावसाळ्यात तिथे भात थोडा आणि भाजी फार, असंच जेवतात. घरामागच्या परसात, मांडवावर आणि बांधाच्या कडेनं भोपळा, तवसं, दोडकी, पडवळ लावायचं. श्रावणापासून ते लागायला लागतं. तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, कच्च्या खायच्या, किसून भाकरीत घालायच्या. कोवळा भोपळा शिजवायचा, जून भोपळा आढ्याला टांगून ठेवायचा. वेलांनी साथ दिली की तेवढाच तांदूळ दुप्पट दिवस जातो. अक्काला हे माहीत होतं, म्हणून ती भ्यायली नव्हती. तिच्या हाताला वेल चांगले येत. तिनं राखेत ठेवलेलं बी काढलं, आळी केली, आणि वैशाखाच्या उन्हात ती मला म्हणाली, "बघ धाकटे, आढ्याला जागा ऱ्हायची न्हाई."

बांधावरचं रान तोडलं ते त्याच सुमारास.

भातशेताला पाला लागतो. चिखलात तुडवायला लागतो, गोठ्यात अंथरायला लागतो. तोवर वाडीतली माणसं वरच्या रानातून भारे आणत. त्या साली त्या बाजूच्या रानाला बंदी झाली. जंगलखात्याचा नवीन आलेला गार्ड वाटेवरच उभा राही आणि बायकांच्या डोक्यावरचे भारे उतरवून घेई. मग ज्यानं त्यानं आपापले बांध धरले. तिथल्या बांधांवर आपोआप उगवलेलं रान असतं: पांढऱ्या फुलांचा कुडा, भारंगी, करवंदीच्या जाळ्या, आणि दिंडा, ज्याला भर पावसात बारीक फुलांचे पसरट गुच्छ येतात. ते कुणी लावत नाही आणि कुणी मोजतही नाही. विचारलं तर लोक म्हणतात, पाला हाय.

अक्कानं तर बांध हातानं पुसल्यासारखा केला. तिला दाखवायचं होतं. कुंकू गेलेल्या बाईचं परसू रानात गेलं, असं तिला कुणाकडून ऐकून घ्यायचं नव्हतं. पहाटे उठून ती कोयता घेऊन जाई. तिच्या हातावर करवंदीचे ओरखडे उठले होते आणि त्यांचा तिला थोडा अभिमानही होता. भारंगीचे जुने बुंधे तिनं जमिनीसरपट छाटले. दिंड्याच्या लठ्ठ कांड्या तुटताना पाणी उडे. सोनी छाटलेल्या फांद्यांची घरं करून खेळे. भावजी एकदा तिकडून गेले, थांबले, म्हणाले, "असा बांध आमचाबी न्हाई." अक्कानं त्या दिवशी सोनीला अंघोळ घालताना बराच वेळ गाणं म्हटलं.

परसाच्या टोकाला ऐनाचं मोठं झाड होतं. त्याच्या ढोलीत माशांचं पोळं होतं. ज्यांना सातेरी म्हणतात त्या लहान, गडद माशा. मी आले तेव्हा त्या ढोलीच्या तोंडाशी इतकी वर्दळ असे की दुरून तिथे धूर निघतोय असं वाटे. मला करण्यासारखं काम फारसं नव्हतं. अक्का मला शेणात हात घालू देत नसे. मी दुपारी तिथे दगडावर बसे आणि माशांचं येणं-जाणं बघे. पायांना पिवळ्या, पांढऱ्या पुडीच्या गोळ्या लावून त्या येत. पुढे पाऊस धरला. आषाढात पाऊस थांबला की घटकाभर त्या बाहेर पडत आणि लगेच परतत. पाय मोकळेच असत. ढोलीखाली गवतात मेलेल्या माशा पडू लागल्या. पोटं आखडलेल्या, हलक्या. एखादी बोटानं उचलली तर वाळक्या सालीसारखी वाटे. मग एक दिवस ऊन पडलं आणि सकाळीच त्या सगळ्या बाहेर आल्या, परसावर एक काळपट ढग झाला, तो थोडा वेळ लोंबकळला आणि दरीकडे निघून गेला.

"माशा चालल्या," मी अक्काला सांगितलं.

"जाऊ देत," ती म्हणाली. "सोनीला डसत्यात."

आज वाटतं, तिथल्या माणसांची चूक समजण्यासारखी होती. त्यांचं सगळं जगणं भातावर. भाताला दाणा धरायला माशी लागत नाही. भाताचं फूल कधी आलं आणि कधी गेलं हे कुणाला कळतही नाही; ते स्वतःचं स्वतः उरकतं. भातकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाणी बघितलं, चिखल बघितला, पाला बघितला. फुलाकडे बघायची त्यांना गरजच पडली नव्हती. भाजी आपसूक लागे, कारण बांधावर रान असे. रान असे म्हणून पावसातही माशांना काहीतरी मिळे आणि त्या ऐनाच्या ढोल्यांत तग धरून राहत. हे सगळं आपसूक होतं म्हणून त्याला नाव नव्हतं. ज्याला नाव नाही ते कोयत्याखाली सहज जातं. साऱ्या वाडीनं त्या साली बांध तोडले होते. पण बाकीच्यांच्या कणगीत थोडं जास्तीचं होतं, आणि अक्कासारखं मुळापर्यंत कुणी छाटलं नव्हतं.

श्रावण आला आणि वेल फुलले. इतके फुलले की मांडव पिवळा झाला. बघणाऱ्याला वाटावं, काय ही बरकत. मी सकाळी उठून बघे तर फुलं उघडी, ओली, स्वच्छ, आणि गप्प. त्या गप्पपणाची मला भीती वाटू लागली. काही फुलांच्या देठाशी लिंबाएवढी गाठ असे, भोपळ्याचं अगदी लहान पोर. दोन-तीन दिवसांत ती पिवळी पडे, मऊ होई, आणि हात लावताच गळे. तवशांचं तसंच, दोडक्यांचं तसंच. सकाळी आळ्यात गळलेल्या गाठींचा सडा असे. अक्का त्या वेचून टोपलीत टाकी, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून लगेच वर राख घाली.

पण वाडीत दिसायचं राहत नाही. शेजारची म्हातारी सखूबाई कुंपणाशी येऊन उभी राहिली.

"जना, तुझ्या वेलाला धरंना व्हय गे?"

"धरंल," अक्का म्हणाली.

"हात बदलून बघ. रांडावल्या बाईनं वेलाला हात लावू न्हाई, आमची सासू म्हणायची. तुझी भैण हाय की. तिला घालू दे पाणी."

अक्कानं दुसऱ्या दिवसापासून खरंच मांडवाखाली जाणं सोडलं. पावसातसुद्धा ती लांबून वळसा घालून विहिरीवर जाई, वेलांवर आपली सावली पडू नये म्हणून. माझ्या डोळ्यांसमोर कोयता घेऊन सगळा बांध उलथून टाकणारी बाई ती. आता आपल्याच परसात चोरासारखी चाले. मला काही बोलायचं होतं. शब्द जमवेपर्यंत ती पुढे गेलेली असे.

शाळेत आम्हाला एका परदेशी फुलाचं चित्र फळ्यावर काढून शिकवलं होतं. एका भागावरची पूड दुसऱ्या भागावर जायला हवी, वारा नेतो, किडे नेतात. ते फूल मी कधी पाहिलेलं नव्हतं आणि तो धडा मला इंग्रजी शब्दांच्या स्पेलिंगापुरता आठवत होता. पण भोपळ्याच्या वेलावर दोन तऱ्हेची फुलं होती: काहींच्या देठाशी गाठ, काहींच्या नाही. बिनगाठीच्या फुलाच्या मधल्या दांडीवर हात फिरवला तर बोट पिवळं होई. मी तसं एक फूल तोडलं, पाकळ्या काढल्या आणि ती दांडी गाठीच्या फुलात हळूच फिरवली. बरोबर की चूक, काही कळत नव्हतं. कुणी बघत नाही ना म्हणून मी चहूकडे पाहिलं, तर कुंपणाशी शेवंता उभी. शेवंता म्हणजे रामा भावजींची बायको, अक्काची जाऊ. हसरी, जाडजूड, मोठ्यानं बोलणारी बाई.

"काय करतीस गे इंग्रजी पोरी?"

मी म्हटलं, "फुलाला फूल लावते."

"म्हंजे लगीनच की." ती आत आली आणि वाकून बघू लागली. "हळद तर आपसूक लागलीया. मुंडावळ्या ऱ्हायल्या तेवढ्या. जना, ये गे, वरमाय कोण व्हायची?"

अक्का दारात होती. कितीतरी दिवसांनी ती हसली. तेवढ्यात पलीकडून सखूबाईचा आवाज आला, "कुंकू पुसलेल्या घरात लगनं लावत्यात व्हय." शेवंता तिला उलटून काहीतरी बोलली, पण अक्का आत गेली होती.

मी ते काम सोडलं नाही. रोज सकाळी, पाऊस थोडा उघडला की, मी फूल हातात घेऊन मांडवाखाली फिरे. पावसात पूड भिजून लगदा होई, बरीच मेहनत फुकट जाई. तवशाची, दोडक्याची फुलं बारीक. तिथे माझ्या बोटांनी जमलं नाही. एक माशी सकाळभर जे सहज करते ते माझ्या दोन हातांना झेपत नव्हतं. पण भोपळ्याच्या काही गाठी गळल्या नाहीत. त्या हिरव्या झाल्या, मुठीएवढ्या झाल्या. एका सकाळी अक्का लांबूनच म्हणाली, "त्यो कोपऱ्यातला केवढा झाला गे?" मी हातानं दाखवलं. तिनं मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर हिशेब चालला होता, हे मला दिसत होतं. मात्र आढ्याला टांगण्यासारखे ते व्हायला अजून बराच वेळ होता, आणि मडक्यातला तांदूळ तळाला गेला होता.

भाद्रपदात आम्ही टाकळा खाल्ला, कुर्डू खाल्ला, रानातला अळू खाल्ला, ज्यानं घसा खाजे. दोन कोवळे भोपळे अक्कानं उतरवून शिजवले, नुसते, मिठावर. तांदळाची पेज इतकी पातळ असे की वाटीत चुलीचा उजेड दिसे. सोनीला रोज तेच नको होई. ती रडत नसे, नुसती वाटी पुढे ढकले आणि भिंतीकडे तोंड करून बसे. अक्का स्वतःची पेज तिच्या वाटीत ओती आणि म्हणे, "मला भूकच न्हाई." मलाही ती हेच सांगे. मी तिचं ऐके. त्या वयात भूक फार लागते.

एका दुपारी सोनी दिसेना. अक्का विहिरीवर, मी परसात. मग शेवंताच्या अंगणातून तिचा आवाज आला. मी कुंपणापर्यंत गेले. सोनीनं कुठूनतरी केळीच्या पानाचा एक तुकडा फाडून आणला होता, तो शेवंताच्या उंबऱ्यावर नीट पसरला होता, आणि त्याच्यापुढे मांडी घालून बसली होती. "काकी, भात दी." शेवंतानं भात वाढला होता. नुसता गरम भात, वर कुळथाचं पिठलं. सोनी दोन्ही हातांनी खात होती. भावजी ओसरीवर दोरी वळत बसले होते. त्यांनी दोरी खाली ठेवली होती आणि ते तिच्याकडे बघत होते.

संध्याकाळी ते आले. बारीक पाऊस होता, त्यांनी डोक्यावरचं इरलं काढलंही नाही.

"पोर मागाय आली," ते म्हणाले.

"ती पोर हाय," अक्का म्हणाली.

"व्हय. म्हणूनच. उपाशी पोर माझ्या दारात आली, वैनी. अजून कशाची वाट बघू?"

अक्कानं भोपळ्यांचं नाव काढलं नाही. मीच धीर करून म्हटलं, "भोपळे धरलेत. थोडे दिवस थांबलं तर." भावजींनी माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही. "दिसत्यात मला," ते म्हणाले. "पर ती आज जेवली." आणि ते गेले. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून मला त्यांचा राग नीट करताही आला नाही. राग कुणाचा करावा हे अजूनही उमगत नाही. गार्डाचा करावा तर त्याला वरून हुकूम. बांधाचा करावा तर तो अक्कानं आपल्या हातानं छाटलेला. झुडपांना पुन्हा वाढायला एक साल हवं होतं आणि माणसांनी फक्त एक पावसाळा दिला होता, इतकंच झालं.

वडील न्यायला आले तेव्हा शेतात भात निसवलेला होता. दाट, हिरवा, लोंबीनं वाकू लागलेला. त्याचं काही बिघडलं नव्हतं. सोनी शेवंताच्या कडेवर होती आणि तिच्या गळ्यातल्या मण्यांशी खेळत होती. अक्का तिच्याजवळ गेली नाही. ती मांडवापाशी गेली, इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच वेलाखाली उभी राहिली आणि शेवंताला म्हणाली, "भोपळ्याखाली वाळलं गवत घाल. न्हाईतर चिखलाला टेकून कुजत्यात." शेवंता रडत होती. "घालतो गे," ती म्हणाली. पायवाटेच्या वळणावर मी मागे पाहिलं. अक्कानं पाहिलं नाही.

लोंढ्याच्या रेल्वेच्या खोल्यांमागे माती नव्हती, कोळशाची चुरी होती. तिथे अक्कानं काही लावलं नाही. ती वडिलांचा स्वयंपाक करी, गाड्यांच्या वेळा पाठ झाल्यासारखी चुलीपासनं उठे आणि बसे. माझी शाळा पुन्हा सुरू झाली. सुटीत गेले की ती मला वाढे आणि समोर बसून राही. सोनीचं नाव आमच्या घरात कुणी घेत नसे.

दोन की तीन सालांनी, माघात, वडील आम्हा दोघींना उळवीच्या जत्रेला घेऊन गेले. भावजींच्या घरचे येणार, हे कुणीतरी सांगितलं होतं. घाटावरून आलेल्या गाड्यांची रांग, कानडी बायकांचे मोठमोठे डबे, सुटलेल्या बैलांच्या गळ्यांतल्या घंटा, आणि त्या धुळीत एका झाडाखाली शेवंता आम्हाला दिसली. तिच्याशेजारी एक उंच झालेली मुलगी, परकर नेसलेली, केस घट्ट बांधलेले.

"सोने, नमस्कार कर," शेवंता म्हणाली. "आई हाय तुझी."

सोनीनं वाकून नमस्कार केला, जसा पाहुण्याला करतात, आणि पुन्हा शेवंताला चिकटून उभी राहिली. अक्कानं तिला बुंदीचा पुडा दिला. तो तिनं उघडला नाही, हातात धरून ठेवला. शेवटी अक्कानं विचारलं, "परसात काय लावलंय गे?"

तेव्हा मात्र ती बोलू लागली. "भोपळं लई लागलं औंदा. आढ्याला जागा न्हाई. बांधावर दिंडा लई झालाय, काका तोडू देत न्हाईत. सखूआजीच्या बांधावरबी तोडू देत न्हाईत. ऐनाच्या ढोलीत माशा आल्यात, एवढ्या." तिनं दोन्ही हात पसरून दाखवले.

"डसत न्हाईत?" अक्कानं विचारलं.

"न्हाई. मी जवळ जाऊन बसतो की. उगी ऱ्हायलं की डसत न्हाईत."

भावजींनी लांबून हाक मारली. शेवंतानं सोनीचा हात धरला, त्या दोघी गाड्यांमधून गेल्या. परकराचा लाल काठ थोडा वेळ दिसत राहिला, मग एक बैल आडवा आला. अक्का तिथेच उभी होती. मी तिच्या दंडाला हात लावला.

"उगी ऱ्हायला शिकली," ती म्हणाली, आणि पदर डोक्यावर ओढून चालू लागली.